ताईची किडनी आणि माझ्या कमी होत गेलेल्या गोळ्या

हे लिहायला बसले तेव्हा ऋतुजा, माझी मुलगी, म्हणाली, "मम्मी, आधी शेवट सांग. तू बरी झालीस की नाही?" मला तिथेच अडकायला झालं. माझ्या अंगात माझ्या मोठ्या बहिणीची किडनी आहे. ती शाबूत राहावी म्हणून आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या मी सध्या घेत नाही. याला बरं होणं म्हणतात का, हे मी आमच्या डॉक्टर मॅडमना तीन वेळा विचारलंय. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "आज सगळं छान आहे." त्यामुळे मी शेवट सांगणार नाही, झालं तसं सांगते. यातलं बरंचसं मला तेव्हा कळलं नव्हतं आणि थोडं अजूनही कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. माझं वाचून कोणी स्वतःच्या गोळ्या स्वतः बंद करू नका. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या, दर पायरीला रक्त तपासून. आणि तरीही आमची वाट लागायची वेळ आली होती.

सोबत कोण आहे?

मी अंधेरीला एका डेंटल लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि आम्ही त्यावरून दात बनवतो. मी मेणात दाढा कोरते. बोटाच्या पेराएवढ्या मेणावर बारीक सुरीने खाचा पाडायच्या असतात. सतरा वर्षं तेच काम. माझी दाढ बसवली की पेशंट परत तक्रार घेऊन येत नाही, असं आमचे मालक सांगायचे.

त्या वर्षी सकाळी उठले की डोळे सुजलेले असायचे. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. दिवसभर बसून काम केल्याने होत असेल असं मी धरून चालले. मग लॅबमध्ये सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा माझं ब्लडप्रेशर बघून तिथल्या सिस्टरने मशीन बदललं. दुसऱ्या मशीनवरही आकडा तोच आला. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. रिपोर्ट घेऊन एकटीच गेले. डॉक्टरांनी कागद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. दुपारी कामावर जायचंय."

"दोन्ही किडन्या आक्रसल्यात. फार उशिरा कळलं."

"औषधाने बरं होईल ना?"

त्यांनी डायलिसिस हा शब्द उच्चारला. नंतर ते दहा मिनिटं तरी बोलत होते, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. मी रिपोर्ट डब्याच्या पिशवीत घातला, लॅबमध्ये गेले आणि सहा दाढा कोरून दिल्या. सहाच्या सहा नीट झाल्या. माझं डोकं कुठे होतं आणि हात कुठे, देव जाणे. घाटकोपरला घरी पोचल्यावर मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?" मी म्हटलं, "मीठ कमी करायला सांगितलंय." खरं सांगायला मला दोन दिवस लागले.

पाणी मोजण्याचे दिवस

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दंडात सुया, शेजारी मशीन. दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरलेलं. ऋतुजाने एका बाटलीवर मार्करने रेघा मारून दिल्या होत्या. दुपारपर्यंत मी शेवटच्या रेघेपाशी पोचलेली असायचे.

शेजारच्या खाटेवर वर्सोव्याच्या एक काकू असायच्या. मासळी विकून चार मुलं मोठी केलेली बाई. त्यांना मासे मोजून खायला सांगितले होते. "सुरमई सोडली, बोंबील सोडला, आता काय ही मशीन तळून खाऊ?" असं त्या मोठ्याने म्हणायच्या आणि अख्खा हॉल हसायचा. माझी भीती त्या काळात कुणी कमी केली असेल तर त्यांनी. एका सोमवारी त्यांच्या खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं दिसलं. मी सिस्टरला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

पूर्ण जुळलं

मंगलताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. भाऊजी आरे कॉलनीत गुरांच्या तबेल्यावर कामाला, त्यामुळे ती तिथेच क्वार्टरमध्ये राहते. आमचे आई-बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. परभणीहून आई मुंबईत आली तेव्हा मी कडेवर होते आणि ताईने घरातलं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं. ताईचा स्वभाव तिथेच घडला असावा. ती विचारत नाही, उचलते.

किडनी द्यायचंही तिने तसंच ठरवलं. मी फोनवर रडत होते, ती म्हणाली, "रडणं झालं की सांग, कुठे यायचं ते." तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघी पूर्ण जुळता. सख्ख्या भावंडांतही चारात एखादंच असं जुळतं." मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगायला घेतली.

एरवी काय होतं, तर दुसऱ्याची किडनी बसवली की आपलं शरीर तिला परकी समजून तिच्यावर धावून जातं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या गोळ्या किडनी वाचवतात, पण बाकी शरीराला त्रास देतात. हॉस्पिटलमध्ये एक अभ्यास, म्हणजे नव्या उपचाराचा प्रयोग, चालू होता. किडनीबरोबर ताईच्या रक्तातल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेलही मला द्यायच्या. त्याआधी थोडं रेडिएशन आणि औषधं देऊन माझ्या शरीरात त्यांना जागा करायची. दोघींच्या पेशी एकत्र नांदल्या, तर माझं शरीर हळूहळू ताईची किडनी आपली मानायला शिकेल. मग गोळ्या कमी करत करत बंद.

"म्हणजे माझं रक्त हिच्यात राहणार?" ताईने विचारलं.

"रक्त तयार करणाऱ्या तुमच्या पेशी राहतील. राहिल्या तर."

मिलिंद म्हणाला, "मॅडम, यशाची खात्री किती?"

"खात्री असती तर अभ्यास कशाला केला असता?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जमलं नाही तर गोळ्या चालू ठेवायच्या, इतरांसारख्या. पण धोका शून्य नाही."

संमतीपत्र चौदा पानांचं होतं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मला सर्व समजावून सांगितले आहे व ते मला समजले आहे.' पहिला भाग खरा होता. मॅडमनी खरंच दोनदा समजावलं. दुसऱ्या भागाखाली मी सही केली कारण मला डायलिसिसमधून सुटायचं होतं. ताईने सही करताना कागदाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहत होती.

नंतर अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढे मुलाखत झाली. तिथे ताईला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" ताई म्हणाली, "माझ्यावर कोण दबाव आणणार?" सगळे हसले. संपली मुलाखत.

लसणीचा वास

किडनीच्या आधी ताईच्या पेशी काढून ठेवायच्या होत्या. त्यासाठी तिला काही दिवस इंजेक्शनं दिली. तिची हाडं इतकी दुखली की ती भिंत धरून चालायची. मग एका हातातून रक्त काढून, मशीनमधून फिरवून दुसऱ्या हातात परत. मी काचेबाहेरून बघत होते. तिने हात वर करून मला "जा जेवून घे" अशी खूण केली, तर तिला ओरडा बसला, हात हलवायचा नव्हता.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सिस्टर म्हणाली, "लघवी होतेय हां, भरपूर." आयुष्यात कुठल्या बातमीने मला इतका आनंद झाला नसेल. पाणी प्यायला सांगितलं. प्यायला! मी ग्लासभर पाणी घोट घोट प्यायले आणि रडले.

मग रेडिएशनच्या दहा फेऱ्या. आणि अकराव्या दिवशी एक छोटी पिशवी आली, फिकट लालसर. त्या ताईच्या पेशी. मला वाटलं होतं मोठं काही होईल. सलाईनसारखी पिशवी लटकवली आणि थोड्या वेळात संपलीसुद्धा. फक्त तोंडात लसणीची चव आली, खोलीभर तसाच वास. पेशी गोठवून टिकवण्यासाठी जे औषध वापरतात त्याचा तो वास, दोन दिवस जात नाही. ताई दारात येऊन म्हणाली, "काय गं, फोडणी दिली का तुला?"

घरी आल्यावर दर काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट यायचा. त्यात माझ्या रक्तात ताईच्या पेशी किती, माझ्या किती, असे आकडे असायचे. ऋतुजाने एकदा तो वाचला. "म्हणजे मम्मी, तू आता थोडी मावशी आहेस?" आम्ही हसलो. पण नंतर आरशापुढे वेणी घालताना तेच डोक्यात फिरत राहिलं. मला पोह्यांवर साखर घ्यावीशी वाटली तर वाटायचं, ताई घेते ना साखर? मी कधीपासून घ्यायला लागले? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आवडीनिवडी पेशींतून येत नाहीत." बरं. पण साखर मी अजून घेते.

हात

गोळ्यांनी किडनी सांभाळली, पण माझे हात थरथरायला लागले. जास्त नाही. चहाचा कप धरता यायचा. दाढ कोरता येत नव्हती. सुरी मेणाला लागली की खाच वाकडी. एका दुपारी मी एकच दाढ पाच वेळा वितळवली. मालक शेजारी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "संध्या, थोडे दिवस तू टेबलावर बस. आलेल्या साच्यांची नोंद ठेव." चांगुलपणानेच म्हणाले. मी घरी येऊन मिलिंदला म्हटलं, "जगले, पण कशाला जगले ते कळत नाही." त्याने कपड्यांची बादली उचलली आणि वाळत घालायला गेला. त्याला राग आला होता की रडू, मला कळलं नाही. त्या वर्षी आम्हाला एकमेकांचं काहीच कळत नव्हतं.

सहा-सात महिने ताईच्या पेशी माझ्या रक्तात टिकून राहिल्या. मॅडम म्हणाल्या, "आता गोळी कमी करायला सुरुवात करू शकतो. ती बंद झाली की हातांचं थरथरणंही थांबावं." मी हवेत होते. तशीच बसने आरेत ताईकडे गेले. ती दारात मेथी निवडत बसली होती.

मी सगळं सांगितलं. तिने मेथी खाली ठेवली.

"गोळ्या खाऊन जगतेयस ना? मग बंद कशाला करायच्या?"

"तुला सांगितलं होतं ना ताई, तेव्हाच. याच्यासाठीच तर पेशी दिल्यास तू."

"मी किडनी दिली. बाकीचं मॅडम म्हणाल्या म्हणून दिलं. मला काय माहीत त्याचं काय करणार ते!"

"हात थरथरतात गं माझे."

"थरथरू देत. हात नाही चालले तरी चालेल. माझी किडनी जायला नको."

"माझी?"

"माझीच! पोट कोणाचं फाडलं?"

मी उठले आणि चहा न पिता निघाले. बसस्टॉपवर उभी असताना डोळ्यांसमोर सारखी ती भिंत धरून चालणारी ताई येत होती. ती चुकीचं बोलली असं मला म्हणता येईना, आणि बरोबर बोलली असंही. पुढच्या आठवड्यात गोळीचा पहिला डोस कमी केला. ताईला कळवलं नाही. तिनेही फोन केला नाही. आम्ही दोघी अडीच महिने बोललो नाही.

आकडा वाढतो

हात हळूहळू शांत होत गेले. मी परत मेणावर बसले. पहिली दाढ नीट झाली तेव्हा मालकांनी ती सगळ्यांना दाखवली. सकाळ-संध्याकाळची गोळी आता एकदाच आणि अर्धी राहिली होती.

आणि क्रिएटिनिन वाढलं. म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती. मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजातच मला कळलं. "उद्या सकाळी ॲडमिट व्हा. किडनीचा छोटा तुकडा काढून तपासायला लागेल. शरीर तिला नाकारतंय का, ते बघू."

मी मिलिंदला पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "ताईला सांगू नकोस."

त्याने सांगितलं. सकाळी साडेसातला मी वॉर्डात हाताला सलाईन लावून खाटेवर बसले होते, तर समोरून ताई आली. हातात डबा, केस नीट विंचरलेले नाहीत. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलणी खायची आहेत.

ती खाटेवर बसली. डबा उशाशी ठेवला. मग म्हणाली, "संध्ये, दोन होत्या माझ्याकडे. एक दिली. आता ही गेली तर दुसरी देईन असं म्हणायची सोय नाही मला. म्हणून ओरडले गं त्या दिवशी. दुसरं काही नव्हतं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सिस्टर म्हणाली, "असं वाकू नका, सुई निघेल." ताई म्हणाली, "थांबा हो जरा."

तपासणीचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ताईची वॉर्डातल्या सगळ्यांची चौकशी करून झाली. मी फक्त छताकडे बघत होते. शरीराला काही सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याची मनधरणी करता येत नाही. ते काय ठरवतंय हे ते आपल्यालाही सांगत नाही. आपण त्याच्याच आत बसून बाहेरच्या कागदाची वाट बघायची.

मॅडम आल्या. "रिजेक्शन नाहीये," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघितलं. "मागच्या पंधरा दिवसांत कुठली दुसरी गोळी घेतली?"

मला आठवेना. मग आठवलं. परत कामाला बसल्यापासून पाठ धरली होती. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून पेनकिलर आणून आठवडाभर घेतली होती. घेऊ नका म्हणून मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. मी इतकी बरी झाले होते की आजारी आहे हेच विसरले होते.

मॅडम मला खूप बोलल्या. बरोबरच होतं. पेनकिलर थांबवल्यावर क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. पूर्वीच्या आकड्यावर यायला महिना गेला.

अर्ध्याचं मत

राहिलेली अर्धी गोळी बंद करायची की नाही, यासाठी मॅडमनी परत बोलावलं. या वेळी मी ताईला घेऊन गेले. तिने कॅलेंडरच्या पानामागे प्रश्न लिहून आणले होते. बंद केल्यावर किती दिवसांनी कळेल? कळलं तर परत गोळ्या चालू करून किडनी वाचते का? हिच्या रक्तातल्या माझ्या पेशी उद्या संपल्या तर? मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. दोन प्रश्नांना त्या म्हणाल्या, "हे आम्हालाही अजून पक्कं माहीत नाही." ताईने त्या दोन प्रश्नांपुढे फुली मारली. गंमत म्हणजे त्या उत्तरांनीच तिला धीर आला, असं ती नंतर म्हणाली. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी बाई बाकीचं खरं सांगत असणार.

"तू सांग ताई," मी म्हटलं.

"मी नाही सांगणार. शरीर तुझं."

"अर्धं तुझं आहे. रिपोर्टात आहे तसं."

ती मॅडमकडे बघून हसली. "मग अर्ध्याचं मत लिहून घ्या, बंद करा. पण परत पेनकिलर घेतलीस ना संध्ये, तर कानाखाली देईन."

शेवटची अर्धी गोळी घेऊन आता वर्ष उलटून गेलंय. मी दाढा कोरते. दर महिन्याला रक्त देते. साधा ताप आला तरी ऋतुजा पुस्तक बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसते. गोळी नाही म्हणून मी मोकळी आहे असं लोक म्हणतात. मला मोकळं वाटत नाही. गोळी होती तेव्हा निदान कळायचं की कशामुळे टिकलंय. आता माझ्या आत काहीतरी शिकलंय म्हणतात, पण ते किती शिकलंय आणि कधी विसरेल, कोणालाच सांगता येत नाही. तरी सकाळी हात स्थिर असतात. तेवढ्यावर मी दिवस सुरू करते.

गेल्या महिन्यात ओपीडीत एक जोडी भेटली, मुलुंडची. बहीण साधारण तिशीची, तिला किडनी हवी होती. भाऊ देणार होता. मॅडमनीच त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं आणि बोलायला एक रिकामी खोली दिली होती. ती मुलगी संमतीपत्र हातात घेऊन बसली होती.

"तुम्हाला हे सगळं समजलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग सही कशी केलीत?"

"भीतीने. तू तशी करू नकोस. न समजलेलं दहादा विचार."

"मी या अभ्यासात जाऊ का? तुम्ही काय सांगाल?"

हो म्हणायला माझ्याकडे दाखला फक्त माझाच होता, आणि एका माणसावरून दुसऱ्याचं काय सांगणार? तिचा भाऊ बाजूला मोबाईल बघत होता, म्हणजे बघतोय असं दाखवत होता. त्याचा पाय सारखा हलत होता. ताईला कमिटीने दबाव आहे का ते विचारलं होतं. मी तर तेवढंही विचारलं नव्हतं.

"माझं सोड," मी तिला म्हटलं. "आधी ह्याला विचार, ह्याला भीती कशाची वाटते. मी बाहेर बसते."

त्याने मोबाईल खाली ठेवला. मी उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.